दार फुगलंय म्हणून रंधा आणलात, पण जरा थांबा

पत्र असं आहे:

"नमस्कार दादा. मी चिपळूणजवळ सासरच्या जुन्या घरात राहते. जांभ्याचं घर आहे, पुढचं दार दोन झडपांचं, आजेसासऱ्यांच्या वेळचं. दर पावसाळ्यात फुगतं पण या वर्षी उजवी झडप इतकी घट्ट झालीये की खांद्याने रेटल्याशिवाय हलत नाही. वरच्या बाजूला डाव्या झडपेला घासते आणि खाली फरशीवर कोयत्यासारखी वाकडी पांढरी रेघ पडलीये. डावी झडप ठीक आहे. उन्हाळ्यात पण कडी लावताना उजवी जरा उचलून घ्यावी लागते पण तेव्हा चालून जातं. सुतारकाका म्हणतात गणपती झाल्यावर बघू, त्यांना आत्ता मखरांच्या कामातून वेळ नाही. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, मूर्ती याच दारातून आत येते, त्यामुळे दोन्ही झडपा पूर्ण उघडायलाच पाहिजेत. मिस्टर पुण्याला असतात, शनिवार-रविवार येतात. मी ऑनलाइन इलेक्ट्रिक रंधा मागवलाय. सासूबाई म्हणतात या दाराला रंधा लावायचा नाही. २०२१ च्या पुरात घरात गुडघाभर पाणी होतं तेव्हा बाथरूमचं दार पार सुटून गेलं पण हे टिकलं, म्हणून त्यांचा जीव आहे त्याच्यात. तर किती मिलिमीटर काढू, कुठल्या बाजूने काढू ते सांगा. आणि दार सागाचं की फणसाचं ते कसं ओळखायचं, घरात यावरून दोन मतं आहेत."

ताई, रंधा खोक्यातून बाहेर काढला नसेल तर तसाच राहू दे. परत पाठवू नका, उपयोगी पडणार आहे, पण आत्ता नाही, आणि गणपतीच्या आधी तर अजिबात नाही. सासूबाई म्हणतात ते निदान या दोन महिन्यांपुरतं अगदी बरोबर आहे.

गणपतीची काळजी करू नका. दोन्ही झडपा उघडतील, फक्त त्यासाठी रंधा नाही, स्क्रू ड्रायव्हर लागणार आहे. उत्तर तुमच्याच पत्रात आहे हो, तुम्ही इतकं नीट बघून लिहिलंय की मला दार समोर दिसतंय.

लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत नाही. खोड म्हणजे बारीक बारीक उभ्या नळ्यांची मोळी समजा. हवेतली ओल त्या नळ्यांच्या भिंतींमध्ये शिरते आणि भिंती जाड होतात, पण नळी काही लांब होत नाही. सागाची ओली फळी पूर्ण सुकेपर्यंत आडव्या अंगाने अडीच ते सहा टक्के आटते, कशी चिरलीये त्यावर ते अवलंबून, पण लांबीत बहुतेक काहीच फरक पडत नाही. आता तुमच्या दारात बघा, प्रत्येक झडपेला दोन उभ्या पट्ट्या आहेत ना, दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या, म्हणजे दाराची उंची ठरते त्या पट्ट्यांच्या लांबीवर, आणि लांबी तर पावसात वाढत नाही! मग दार खाली फरशीला कसं लागलं? फुगून नाही लागलं. ते खाली बसलंय.

दुसरी खूण म्हणजे ती वाकडी रेघ. दार फरशीवर सगळीकडून सारखं घासत असतं तर रुंद पट्टा पडला असता. कोयत्यासारखी एकच रेघ म्हणजे फक्त एक कोपरा टेकतोय, बिजागरीपासून लांबचा कोपरा. डावी झडप ठीक आहे, म्हणजे फरशी वर आली असंही नाही. आणि सगळ्यात मोठी खूण तुम्ही सहज लिहून गेलात, की उन्हाळ्यात पण कडी लावताना झडप उचलावी लागते. लाकूड सुकं असताना पण जी झडप उचलावी लागते तिचा आजार पावसाचा नाही, वरच्या बिजागरीचा आहे.

दाराचं सगळं वजन बिजागऱ्यांवर लटकतं, पण तिन्ही बिजागऱ्यांवर सारखं काम नसतं. वरची झडपेला चौकटीकडे ओढून धरते, खालची तिला दाबून धरते. त्यामुळे वरच्या बिजागरीचे स्क्रू रात्रंदिवस बाहेर खेचले जातात आणि जुन्या दारात आधी सैल होतात ते तेच. तिथे ३ मिलिमीटर जरी सुटलं तरी झडपेचा वरचा कोपरा तेवढाच डावीकडे झुकतो, म्हणून वरती डाव्या झडपेला घासतं, आणि खालचा लांबचा कोपरा एखादा मिलिमीटर खाली येतो. फरशी मागाहून बसवलेली असेल तर खाली फट मुळातच जेमतेम असते, तिथे एक मिलिमीटर पुष्कळ झाला. वर पावसात झडप थोडी फुगते, घट्ट होते, तुम्ही खांद्याने रेटता, आणि तो सगळा जोर परत त्याच सैल स्क्रूंवर. म्हणजे दर पावसाळ्यात थोडं थोडं जास्तच.

आता फुगणं खोटं नाही, तेही आहेच. कोकणात जानेवारी-फेब्रुवारीत लाकडात साधारण ११-१२ टक्के ओलावा राहतो, जुलै-ऑगस्टात तो १८ च्या आसपास जातो. सागात ओलावा एक टक्का वाढला की रुंदी ०.१ ते ०.२ टक्के वाढते. तुमच्या दोन झडपांच्या मिळून चार उभ्या पट्ट्या, एकेक ९ सेंटीमीटर धरली तर ३६ सेंटीमीटर, म्हणजे सगळं मिळून २ ते ४ मिलिमीटर फुगवटा. मधली पॅनेल्स खाचेत मोकळी बसवलेली असतात, ती आतल्या आत फुगतात. आडव्या पट्ट्या दाराच्या रुंदीच्या दिशेने लांब असतात त्यामुळे त्या दार रुंद करत नाहीत. जुन्या सुतारांनी दार असं बांधलं ते यासाठीच, नुसत्या सपाट फळ्या एकमेकींना चिकटवून केलं असतं तर याच पावसात याच्या कितीतरी पट फुगलं असतं.

म्हणजे हिशोब असा, २ ते ४ मिलिमीटर पावसाचे, जे दिवाळीनंतर आपोआप परत जाणारेत, आणि बाकीचे बिजागरीचे, जे स्क्रू घट्ट केल्यावर जाणारेत. यातलं रंध्याने काय काढणार? आत्ता रंधा मारला तर दार आज छान उघडेल आणि मार्चमध्ये दोन झडपांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट दिसेल. मी हे केलेलं आहे. डोंबिवलीला राहत असताना स्वयंपाकघराच्या दाराला भर जुलैत ३ मिलिमीटर रंधा मारला होता, फेब्रुवारीत त्या फटीतून पाल ये-जा करायला लागली आणि शेवटी सागाची पट्टी आणून कडेला फेविकॉलने चिकटवावी लागली. दार झालं नीट, पण आजेसासऱ्यांच्या वेळच्या दाराला नवी पट्टी जोडायची वेळ तुमच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी खात्री करून घ्या, माझ्या बोलण्यावर जाऊ नका. उजवी झडप अर्धी उघडा, मिस्टरांना किंवा कुणालाही तिचा कडीकडचा खालचा कोपरा दोन्ही हातांनी हळूच वर उचलायला सांगा, आणि तुम्ही स्टुलावर उभं राहून वरच्या बिजागरीकडे टॉर्च मारून बघा. बिजागरीची पाती, म्हणजे स्क्रू मारलेली पट्टी, चौकटीपासून सुटून आत-बाहेर हलताना दिसली, स्क्रूची डोकी हलली, तर रोग सापडला. पाती घट्ट आहे पण मधली पिन खुळखुळतेय असं असेल तर बिजागरी झिजलीये, त्याच मापाची नवी आणावी लागेल, जुनी काढून दुकानात घेऊन जा, तोंडी माप सांगू नका. आणि काहीच हललं नाही तर मला परत लिहा, मग चौकट तिरकी झालीये का ते बघावं लागेल.

माझा अंदाज पातीच हलणार.

दुरुस्ती एका शनिवारी सुरू करून रविवारी संपेल, पण दोन माणसं पाहिजेत, एकट्याने करू नका. अख्खी झडप काढायची नाही, फक्त वरची बिजागरी आणि तीही फक्त चौकटीकडची पाती. झडप पूर्ण उघडा, बाहेरच्या कोपऱ्याखाली दोन पाचरी समोरासमोरून सरकवा, पाचरी नसतील तर प्लायचे तुकडे आणि वर जुनी मासिकं, आणि झडप इतकी उचलून घ्या की तिचं वजन त्या पाचरींवर येईल. वजन पाचरींवर आलं की वरच्या बिजागरीवरचा ताण जातो, पाती आपोआप जागेवर बसलेली दिसेल. तरी एकाने झडप धरून राहायचंच.

मग स्क्रू. जुने स्क्रू एका खाचेचे असतात आणि ती खाच रंगाने भरलेली असते. रंग तसाच ठेवून फिरवायला गेलात की खाच फाटते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही, म्हणून आधी जुन्या ब्लेडच्या टोकाने खाच पूर्ण साफ करा. खाचेत गच्च बसेल एवढाच रुंद स्क्रू ड्रायव्हर घ्या. स्क्रू गंजलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाचेत धरून त्याच्या मुठीवर हातोडीचा एक बेताचा ठोका द्या, मग स्क्रू आधी घट्ट करायच्या दिशेला केसभर फिरवा आणि मगच सोडवायला लागा, गंज त्या उलट्या झटक्याने तुटतो. पुराच्या पाण्यात राहिलेल्या खालच्या बिजागरीचे स्क्रू असतील तर ते आत्ता छेडूच नका, गंज धरून बसलेले असतील, सणाच्या आधी त्यांच्या मागे लागू नका.

स्क्रू निघाला की भोकात काय आहे ते नीट बघा. काळा भुसा असेल तर गंजाने लाकूड सडलंय, ते साफ होतं. पण मातीसारखा भुसा, पोकळ बोगदे दिसले किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबल्यावर आत रुतत गेला तर वाळवी आहे, मग थांबा, ती बिजागरी तशीच परत लावा आणि सुतारकाकांना मखर बाजूला ठेवून यायला सांगा, कारण पोकळ चौकटीवर माझी पुढची कुठलीच युक्ती चालणार नाही. जांभ्याच्या भिंतीत ओल धरते आणि चौकटीची भिंतीकडची बाजू आपल्याला कधी दिसत नाही, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चौकटीवर वरपासून खालपर्यंत ठोकत जा, भरीव आवाज कुठे बदलतो ते ऐका. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

लाकूड चांगलं असेल तर भोक ८ मिलिमीटरच्या बिटने साफ करून घ्या, साधारण ४० मिलिमीटर खोल. बांबूची किंवा सागाची खुंटी तासायची, भोकात हाताने अर्धी जाईल आणि पुढे हातोडीने ठोकावी लागेल एवढी जाड. फेविकॉल भोकात पण आणि खुंटीला पण. ठोकून बसवा, बाहेर आलेलं टोक पटाशीने, म्हणजे सुताराच्या छिन्नीने, सपाट करा, आणि मग हात लावायचा नाही, निदान चोवीस तास. पावसाळ्यात फेविकॉल सुकायला वेळ घेतो, संध्याकाळी लावून रात्री स्क्रू पिळला की खुंटी फिरते आणि सगळी मेहनत वाया. तोवर झडप पाचरींवर तशीच, मुलांना सांगून ठेवा.

आगकाड्या कोंबून स्क्रू पिळतात तेही चालतं, पण ते दोन-चार महिन्यांचं काम. खरी ताकद येते ती लांब स्क्रूने. जुने स्क्रू बहुतेक एक इंची असतील, तुम्ही ८ नंबरचे दोन इंची आणा, म्हणजे खुंटीच्या पलीकडे चौकटीच्या ताज्या लाकडात स्क्रू जाऊन बसेल. जुन्या चौकटी तीन-चार इंच जाड असतात, आत भरपूर लाकूड आहे. आधी ३ मिलिमीटरच्या बिटने सरळ भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांना कपडे धुवायचा साबण चोळा आणि हाताने पिळा. स्क्रू हातोडीने ठोकून शेवटचे दोन पिळ द्यायची जी पद्धत आहे ना, त्यानेच निम्म्या बिजागऱ्या सैल होतात, कारण ठोकताना आट्या लाकूड फाडत आत जातात, मग धरायला काही उरत नाही. तुमच्याकडच्या हवेत स्टेनलेस स्टीलचे घ्या. पितळी हवे असतील, जुन्या दाराला ते शोभतात, तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आट्या पाडून घ्या, तो काढा आणि मग पितळी घाला, नाहीतर पितळी स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं.

पाचरी काढा, झडप फिरवून बघा. फरशीवरचं घासणं थांबलेलं असेल.

वरती अजून थोडं घट्ट वाटेल, तो फुगवटा आहे. त्यासाठी डाव्या झडपेच्या कडेला पांढरा खडू चोळा, उजवी झडप लावा आणि उघडा. उजवीवर खडू जिथे उमटला तिथेच लागतंय, बाकी कडेला हात लावायचा नाही. तिथला रंग बघा, जुन्या दारांवर ऑइल पेंटचे सात-आठ थर सहज असतात आणि नुसत्या थरांनीच एखादा मिलिमीटर खाल्लेला असतो. तेवढा रंग खरवडला तरी झडप सुटते, लाकडाला धक्का न लावता.

पण खरवडताना एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या थरांमध्ये शिसं असू शकतं आणि तुमच्या दारावर तर आजोबांच्या काळापासूनचे थर आहेत. ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं फार वाईट. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, कडेवर पाण्याचा हात फिरवून ओल्यानेच खरवडायचं, खाली पेपर अंथरायचा, तोंडाला मास्क, मुलं त्या वेळी मागच्या पडवीत, आणि निघालेले पापुद्रे पेपरात गुंडाळून टाकायचे, झाडून अंगणात लोटायचे नाहीत. नंतर ओल्या फडक्याने फरशी पुसून घ्या.

रंग काढल्यावर कडेला साधी पांढरी मेणबत्ती चोळा, जोर लावून, लाकूड चकचकीत दिसेपर्यंत. मेणावर लाकूड घसरतं. गोडेतेल लावू नका, चार दिवस बरं वाटतं आणि मग धूळ धरून त्याचा चिकटा होतो. आणि दार सुकवायला म्हणून हॅलोजनचा दिवा किंवा हीटर समोर लावून बसू नका, एका बाजूने भराभर सुकलं की पॅनेल तडकतं.

एवढ्यावर गणपती आत येतील.

आता रंध्याचं. ऑगस्टअखेर, म्हणजे दार सगळ्यात जास्त फुगलेलं असताना, एक काम करून ठेवा. झडपा लावून घ्या आणि जिथे जिथे दोघींच्या मधली फट पोस्टकार्ड जाणार नाही एवढी कमी आहे तिथे आतल्या बाजूने पेन्सिलने खूण करा, आणि किती काढलं तर दोन मिलिमीटर फट राहील तो आकडा तिथेच लिहा, तारखेसकट. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात माप घ्यायचं आणि उन्हाळ्यात कापायचं. पावसातलं माप खरं असतं, कारण दार याच्यापेक्षा मोठं होणार नाही, पण पावसातलं लाकूड कापायला वाईट, ओलं लाकूड रंध्याखाली गुळगुळीत न होता उपटून येतं आणि त्यावर रंगही धरत नाही. मी एकदा एका जुन्या घराचं दार उतरवलं होतं, त्याच्या वरच्या कडेवर, जिथे कधी कुणाची नजर जात नाही, कुणा सुताराच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, दोन रेघा आणि शेजारी श्रावण असं लिहिलेलं. त्या माणसाने पण हेच केलं असणार.

कदाचित बिजागरी बसवल्यावर तुमच्या खुणेचा आकडा शून्यच येईल. मग रंधा दाराला लावूच नका, सासूबाईंचं म्हणणं पूर्णच पाळलं जाईल.

आला एखाद-दोन मिलिमीटर, तर फेब्रुवारीत झडप उतरवा. अशी झडप वीस-बावीस किलोची भरते, दोघांनीच उतरवायची, आणि आडवी कडेवर उभी करून दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा. तुम्ही विचारलंत कुठल्या बाजूने काढू. दोन झडपा जिथे मध्ये भेटतात तिथून काढायचं असं सगळ्यांना वाटतं, पण तिथे एक झडप दुसरीवर बसायला खाच असते किंवा वरून पट्टी असते, तुमच्या इलेक्ट्रिक रंध्याचं पातं ८२ मिलिमीटर रुंद, ते त्या खाचेत पोचणारच नाही, आणि पट्टीवरचं नक्षीकाम बिघडेल ते वेगळंच. म्हणून बिजागरीच्या बाजूने काढा. ती कड सरळ असते, लपलेली असते, दार लावल्यावर कुणाला दिसत नाही. एवढंच की जेवढं काढाल तेवढीच बिजागरीची खाच पटाशीने खोल करावी लागेल, ते काम नाजूक आहे, ते सुतारकाकांकडून करून घेतलंत तरी त्यात कमीपणा काही नाही, फेब्रुवारीत त्यांना वेळ असेल.

रंधा चालवायच्या आधी कडेवर मोठं लोहचुंबक फिरवा, रंगाखाली लपलेला खिळा तिथे ओढून धरेल. जुन्या दारात कुठेतरी कुणीतरी तोरणाचा खिळा मारलेला असतोच आणि फिरतं पातं खिळ्यावर गेलं की पात्याचा तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. चष्मा घाला, ओढणी-पदर बांधून घ्या, दोन्ही हात मुठींवर. खोली अर्ध्या मिलिमीटरवर ठेवा आणि आधी दुसऱ्या एखाद्या फळीवर तासभर हात बसवून घ्या, कारण हा रंधा सुरुवातीला आणि शेवटाला जास्त खातो, कडेची दोन्ही टोकं बसकी होतात.

झडप खाली उतरलेली असताना जे काम करायचं आहे ते रंध्याहून मोठं आहे, ते म्हणजे तिच्या खालच्या आणि वरच्या कडा बंद करणं. रंगारी समोरची बाजू रंगवतो, मागची रंगवतो, खालची कड कधीच नाही, कारण दार लावलेलं असतं. आणि नळ्यांची तोंडं उघडी असतात ती तिथेच. उभ्या पट्टीचं खालचं टोक पाणी पितं ते सपाट बाजूपेक्षा कित्येक पट जास्त, फरशी पुसताना, पागोळ्या उडताना, रोजच. १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, उघडं लाकूड असेल तिथेच, आणि पहिला हात बेलतेलात, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या जवसाच्या तेलात, टर्पेंटाइन मिसळून पातळ करून द्या, टोकं पितील तेवढं पिऊ द्या, दोन-तीन दिवस सुकवा, मग प्राइमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. ओल यायची पूर्ण थांबत नाही, पण इतकी हळू येते की दार पूर्ण फुगायच्या आत पाऊस संपायला लागतो. बेलतेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, खरंच घेतात, पसरून दोरीवर वाळत घाला नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा.

पुरात बाथरूमचं दार गेलं आणि हे राहिलं त्याचं कारणही हेच सगळं. बाथरूमचं फ्लश दार म्हणजे डिंकाने चिकटवलेले थर, चिपळूणमध्ये २२ जुलैला पाणी चढलं तेव्हा साध्या डिंकाची कितीतरी दारं अशीच उकलली असतील. तुमच्या पुढच्या दारात पट्टीचं टोक दुसरीच्या भोकात घातलेलं असतं आणि वरून लाकडी खुंटी ठोकलेली असते, डिंकावर काही अवलंबून नसतं, त्यामुळे ते भिजतं, फुगतं, आणि सुकून परत पहिल्यासारखं होतं. सासूबाईंचा जीव उगीच नाही त्याच्यात.

राहिलं साग की फणस. रंगावरून ओळखू नका, जुनं फणसाचं लाकूडही काळपट तपकिरी होतं आणि लांबून सागासारखंच दिसतं. झडप उतरवाल तेव्हा खालच्या कडेला जिथे रंग नाही तिथे पटाशीने एक पातळ छिलका काढा. आतून सोनेरी-तपकिरी निघाला, बोटांना किंचित तेलकट लागला आणि नव्या चामड्यासारखा वास आला तर साग. हळदीसारखा पिवळा निघाला तर फणस. छिलका सासूबाईंच्या हातात द्या, एखादवेळेस हे झाड कुठलं, कुणाच्या परसातलं, ते त्यांना आठवेल.